काँक्रीटमधली हवा: निवृत्त अभियंता काकांना उत्तर

नमस्कार काका,

नावाच्या जागी 'एक निवृत्त अभियंता' एवढंच लिहिलंय तुम्ही, म्हणून काकाच म्हणते. ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या मिनेसोटा या बर्फाळ राज्यात आमच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेबद्दल (गाडी आत आणायच्या काँक्रीटच्या रस्त्याबद्दल) मी लिहिलं होतं की गोठणाऱ्या थंडीत काँक्रीट टिकावं म्हणून त्यात मुद्दाम बारीक हवा ठेवतात. त्यावर काकांचं म्हणणं असं: 'काँक्रीटमध्ये मुद्दाम हवा घालणं म्हणजे पैसे मोजून ताकद कमी करून घेणं, आम्ही आयुष्यभर व्हायब्रेटर लावून हवा काढत आलो.' शिवाय चार इंच जाडी कमी आहे, सळई नाही, खालच्या भरावाबद्दल दोन ओळीत उरकलंय, मापं इंच-फुटात का दिली, आणि शेवटी हे: 'ताई, काँक्रीट म्हणजे पाककृती नव्हे. परदेशी कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं ते उतरवून लोकांची दिशाभूल करू नका.'

मापांचं मान्य. मिलीमीटर द्यायला हवे होते, चार इंच म्हणजे १०० मिमी धरा.

पण ते पाककृतीचं वाक्य मी सोडून देणार नाही. तीच पोस्ट एखाद्या पुरुषाने लिहिली असती तर तुम्ही 'दादा, पाककृती नव्हे' लिहिलं असतं का? माझे वडील सांगलीकडे छोटी-मोठी बांधकामं घ्यायचे, स्लॅबच्या दिवशी घरातले सगळे साइटवर, मी शाळेत असल्यापासून गोण्यांवर पाणी मारलंय. डिप्लोमा सिव्हिलचा केला, पुण्यात रेडीमिक्स प्लांटच्या लॅबमध्ये क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) फोडले, आणि इथे आल्यावर काँक्रीट टेस्टिंगमध्येच नोकरी केली. त्यामुळे कुणी सांगितलं आणि मी उतरवून घेतलं असा प्रकार नाहीये. तुमचा अनुभव मोठा असेल, आहेच, पण दुसऱ्याला अनुभवच नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

आता हवेचं. तुम्ही व्हायब्रेटरने काढता ती अडकलेली हवा, ओतताना राहिलेले मोठे, वेडेवाकडे पोकळ भाग. ती काढायलाच हवी, इथेही काढतात. मी लिहिलं ते अ‍ॅडमिक्श्चरने (काँक्रीटमध्ये मिसळायच्या रसायनाने) तयार होणाऱ्या बुडबुड्यांबद्दल, जे मिलिमीटरहून बारीक असतात आणि सगळ्या सिमेंट पेस्टमध्ये पसरलेले असतात. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. काँक्रीट भिजलेलं असेल तर त्या पाण्याला सरकायला जागा लागते, आणि ती अगदी जवळ लागते, पेस्टमधल्या कुठल्याही ठिकाणापासून ०.२ मिमीच्या आत एखादा बुडबुडा हवा असा ठोकताळा आहे. जागा नसेल तर आतून दाब येतो आणि वरचा थर सुटतो. एका रात्रीत होत नाही हे, पण इथे मार्चमध्ये दिवसा वितळतं रात्री गोठतं परत दिवसा वितळतं असं आठवडेच्या आठवडे चालतं आणि प्रत्येक फेरीत थोडं थोडं काम होत राहतं.

ताकद कमी होते हे खरंच आहे. एक टक्का हवेमागे ढोबळमानाने ५ टक्के. म्हणूनच पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ च्या वर जाऊ देत नाहीत आणि आम्ही ४५०० पीएसआयचं (हे ताकदीचं इथलं माप) मिक्स मागवलं, म्हणजे साधारण ३१ मेगापास्कल, तेही सिलिंडरवर, म्हणजे गोल उभ्या नमुन्यावर मोजलेलं, क्यूबच्या हिशोबात आकडा त्याहून वरच जातो. ताकद तिथून भरून निघते, हवा काढून नाही. हे पोस्टमध्ये होतं काका, तुम्ही तिथपर्यंत वाचलंच नाही असं वाटतंय.

आणि परदेशी म्हणताय तर आपलं आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचा भारतीय कोड, उघडा, २००० सालचं. गोठण-वितळणीच्या जागी, काँक्रीट ओलं राहणार असेल आणि ग्रेड (ताकदीची प्रत) एम ५० पेक्षा कमी असेल, तर २० मिमी खडीला ५ टक्के हवा ठेवा, एक टक्का इकडेतिकडे, असं त्यात लिहिलंय. तुम्ही ज्या कोडवर नोकरी केली त्यातच आहे हे! नाशिक-पुण्यात त्याची गरज पडली नाही, त्यात तुमची चूक काहीच नाही, पण म्हणून दुसऱ्याला खोटं पाडायचं?

ही हवा मोजतात कशी तेही सांगते, कारण 'हवा घालतात' म्हटलं की लोकांना फसवणूक वाटते. काँक्रीटची गाडी आली की एका जाड भांड्यात तीन थरांत काँक्रीट भरायचं, प्रत्येक थराला सळीने २५ वेळा खुपसायचं, रबरी हातोडीने बाजूला ठोकायचं, वरचा काठ साफ पुसायचा, झाकण आवळायचं, मोकळी जागा पाण्याने भरायची, पंप मारायचा आणि खटका दाबायचा. काटा ६ टक्क्यांच्या आसपास थांबला की गाडी रिकामी करायची. काठावर खडीचा एक कण जरी राहिला तरी झाकण बसत नाही आणि पाणी फसफसून बाहेर येतं. हे मी किती वेळा केलंय ते इथे लिहीत बसत नाही.

उलट बघायचं असेल तर आमच्याच गल्लीत आहे. एका घरी फिनिशरने (पृष्ठभाग सपाट करणाऱ्या कारागिराने) वर आलेलं पाणी जिरायच्या आतच लोखंडी थापी फिरवली, चकचकीत दिसलं म्हणून सगळे खूश. वरच्या थरातली हवा गेली, पाणी तिथेच कोंडलं. दोन हिवाळ्यांत गॅरेजच्या दारासमोर, जिथे गाडीखाली चिकटलेला, रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा बर्फ वितळून ठिबकतो, तिथे पापुद्रे सुटले. नख लावलं तरी निघतात आणि खालची खडी उघडी पडलीये. घासूनपुसून तुळतुळीत करण्याची आपली जी सवय आहे ना, ती इथे मारक आहे. पाणी जाऊ द्या, लाकडी रंधा, झाडूच्या रेघा, बस.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. सळईने तडा थांबत नाही, गेलेला तडा धरून ठेवते. तडा कुठे जावा ते जॉइंट (मुद्दाम पाडलेल्या खाचा) ठरवतात, चार इंचाला ८ ते १० फुटांवर, किमान एक इंच खोल. सहा इंच ट्रकसाठी, आमच्याकडे दोन कार आहेत. भरावाबद्दल दोनच ओळी होत्या कारण विषय तो नव्हता, आणि इथे जमीन खोलवर गोठते म्हणून घराच्या पायासाठी ४२ इंच खाली जावं लागतं, तेवढा खोल ड्राइव्हवे कुणी करत नाही. खडी दाबून घ्या, पाणी घरापासून लांब काढा, एवढंच हातात आहे.

ज्यांनी यंदा शरद ऋतूत ओतलंय त्यांनी पहिल्या हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ अजिबात टाकू नका, घसरण असेल तर वाळू टाका. आणि अमोनियम सल्फेट किंवा नायट्रेटवालं खत बर्फ वितळवायला कधीच वापरू नका, ते काँक्रीट खातं.

काका, लडाखकडे वगैरे तुमचं काम झालं असेल तर तिथे काय वापरलंत, हवा मोजली होती का, ते जरूर लिहा, मला खरंच वाचायचंय. फक्त पुढच्या वेळी ताईला पाककृती शिकवू नका.