दाराची कडी

आमच्या फ्लॅटच्या दाराला रात्री आतून कडी लागत नसे. पुण्यात, चौथ्या मजल्यावर. नुसतं लॅच, आणि किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला. मी हॉलमध्ये, दाराकडे पाय करून झोपायचो. बायकोनं पंधरा वर्षं 'ह्यांची सवय' म्हणून चालवून घेतलं. मीही तेच म्हणायचो. गणपती विसर्जनाला सगळं पुणं ढोल ऐकायला लक्ष्मी रोडवर जायचं आणि मला नेमकं त्याच दिवशी बाहेरगावी काम निघायचं.

मी औसा तालुक्यातला, किल्लारी पट्ट्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेला भूकंप वेगळा सांगायला नको. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. गणपती बुडवून, दमून झोपलो होतो. आमच्याकडची घरं म्हणजे दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद. गळू नये म्हणून त्याच्यावर वर्षानुवर्षं मातीचे थर चढवलेले. ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. आजोबा त्यातच गेले. रोज अंगणातल्या बाजेवर ते झोपायचे. त्या रात्री बाजेवर मी होतो.

ही शेवटची दोन वाक्यं मी तीस वर्षांत कुणालाही सांगितली नव्हती.

नंतर पत्र्याची शेडं मिळाली, मग पक्की घरं, नवं गाव. मदत करणाऱ्यांचे उपकार आहेत, विसरणार नाही. पण रात्री ट्रक गेला तरी पोरगं उठून अंगणात का पळतंय, हे विचारणारं आमच्या घरापर्यंत कुणी आलं नाही. मोठी माणसं म्हणायची, 'होईल हळूहळू कमी.' खरं सांगायचं तर बऱ्याच जणांचं झालंही. माझ्या चुलतभावाचं झालं. मोठ्या आपत्तीनंतर बहुतेक माणसं आपल्या माणसांच्या आधारानं सावरतात, आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना बसवून 'बोला, मन मोकळं करा' म्हणणं फारसं उपयोगाचं नसतं, हे मला पुढं कळलं. पण काहींचं कमी होत नाही. त्यांना 'इतकी वर्षं झाली आता' म्हणण्यात अर्थ नसतो. माझ्या अंगाला वर्षं कळतच नव्हती. पहाटे चारला डोळा उघडला की ९३ सालच असायचं.

पहिल्या समुपदेशकांनी मला सकारात्मक विचार करायला सांगितलं आणि एक ध्यानाचं ॲप दिलं. दोनदा गेलो, सोडलं. चुकीच्या माणसाकडे गेल्यानं आणखी दोन वर्षं गेली, म्हणून आधीच सांगतो: मनावरच्या आघातावर काम करण्याचं खास शिक्षण घेतलंय का, हे पहिल्याच फोनवर विचारा. विचारायला लाजू नका. गवंडीसुद्धा आपण चौकशी करून बोलावतो.

दुसऱ्या बाई क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. सुरुवातीला त्यांनी भूकंपाला हातच लावला नाही. झोप, श्वास, आणि घाबरल्यावर पाय जमिनीला टेकवून समोरच्या पाच वस्तूंची नावं घेणं. मला वाटलं, दीड हजार रुपये देऊन मी खुर्च्या मोजतोय. मग त्यांनी यादी करायला लावली: काय काय टाळतो, आणि ते करायचं म्हटलं तर शंभरपैकी किती भीती वाटते. कडी लावणं, ७०. ढोल, ८५. जुन्या गावात जाणं, १००. खालून सुरुवात करून एकेक करायचं.

आणि ती रात्र सांगायची. डोळे मिटून, 'आत्ता घडतंय' अशी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा. मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायची. 'बोलून मोकळं व्हायचं' म्हणजे थेरपी असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा करून पाहावं. पहिले दोन आठवडे मी आधीपेक्षा वाईट होतो. बायको म्हणाली, बंद करा हे.

चौथ्या की पाचव्या वेळी सांगताना बाईंनी विचारलं, "आजोबा आत का गेले?" मी म्हणालो, माझ्यामुळे. त्या म्हणाल्या, "ते काय म्हणाले, ते सांगा." आणि मी सांगितलं: "तू पड हितंच. मला गार लागायलंय, मी जातो आत."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हिशोबात कधी धरलंच नव्हतं. त्या दिवशी तासभर रडलो. आजोबांसाठी पहिल्यांदाच रडलो. तोवर फक्त घाबरत आलो होतो.

या त्रासाला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे आघातानंतर मागं राहणारा ताणाचा विकार. १९८० साली, मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी हे नाव आपल्या अधिकृत यादीत घेतलं. उपचार एकच नाही. माझ्या एका मित्राला डोळ्यांच्या हालचालींच्या पद्धतीनं, ईएमडीआरनं, फरक पडला. डोळ्यांसमोर बोट फिरवून काय होणार, असं मी त्याला चिडवायचो. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये मोठ्या माणसांसाठी जे मानसोपचार सुचवले, त्यात ही पद्धतही आहे. पैसे नसतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आघातावरचं पूर्ण काम फोनवर होणार नाही, पण कुठं जायचं ते विचारता येतं.

माझी चौदा सेशन्स झाली. कडी आता लागते. ढोल लांबून ऐकतो, जवळ जात नाही. अजूनही कधीकधी चारला जाग येते, पण मी पुण्यात आहे हे कळतं आणि कूस बदलतो. जुन्या गावात मागच्या हिवाळ्यात गेलो. बाभळी माजल्यात. आमचं अंगण अंदाजानंच ओळखलं.

आई नव्या गावात राहते. पक्कं घर आहे, पण बारा महिने ओसरीवर झोपते. तिला एकदा सुचवून पाहिलं, तर म्हणाली, "मला काय याड लागलंय का?" मी विषय सोडला. परवा फोन ठेवता ठेवता तिनंच विचारलं, "त्या बाई काय काय इचारत्यात रे?"