कूलर बंद करून ऐकायची गोष्ट

आज दाताच्या दवाखान्यात बसले होते. भिंतीवरच्या टीव्हीवर धबधबा, खाली 'रिलॅक्सिंग म्युझिक' अशी पट्टी, आणि अचानक चेलो, व्हायोलिनचा तो थोरला, खर्जातला भाऊ. दोन सुरांत ओळखलं. इंग्रज संगीतकार एल्गारचा चेलो कॉन्चेर्टो, म्हणजे एकटा चेलो आणि समोर अख्खा ऑर्केस्ट्रा; वाजवणारी जॅकलीन द्यू प्रे. पहिल्या भागात चेलो एकेक सूर चढत पार टोकाला जातो आणि मग अख्खा ऑर्केस्ट्रा उसळून येतो. त्या चढणीवर मी श्वास धरून बसलेली, आणि नेमकं तिथेच तोडलं. पुढे बासरी आणि पाखरांची किलबिल.

रिसेप्शनवरच्या मुलीला म्हटलं, आधीचं पूर्ण लावता येईल का? ती म्हणाली, "मॅडम, ते आपोआप चालून राहते." तिची काही चूक नाही. पण दुपारपासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

कोणी ठरवलं हे रिलॅक्सिंग आहे म्हणून? १९१८ साली टॉन्सिलचं ऑपरेशन झालं, गुंगी उतरल्यावर एल्गारनं कागद-पेन्सिल मागितली आणि ती धून उतरवून ठेवली. पुढच्या वर्षी त्यातून हा कॉन्चेर्टो झाला. महायुद्ध नुकतंच संपलेलं, त्याचं वय साठीच्या पुढे, ओळखीचं जग मोडून पडलेलं. त्या माणसाचा टाहो तुम्ही दात कोरायच्या मशीनचा आवाज झाकायला लावता?

आमच्या घरी हा कॉन्चेर्टो कसा ऐकला जायचा ते सांगते. बाबा रेल्वेत, अजनीला क्वार्टर. मुंबईला गेले असताना काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून त्यांनी ही कॅसेट आणली होती. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि बाबा टेपजवळ बसून म्हणायचे, "कूलर बंद कर. चेलो येऊन राहिला." नागपुरात मे महिन्यात कूलर बंद! आई चिडायची, "या बाईपायी लेकरं भाजून काढता का?" पण बाबांचं खरं होतं. सुरुवातीचे चेलोचे ते करारी सूर कूलरच्या घरघरीतही ऐकू येतात. त्यानंतर मात्र व्हायोला, व्हायोलिनपेक्षा जरा मोठ्या, एकट्याच, कोणाच्याही साथीशिवाय, ती धून हळू सुरू करतात. ती कूलर गिळून टाकतो. म्हणून अर्धा तास घामाच्या धारांत बसायचं. कोणी बोलायचं नाही. गाड्यांच्या शिट्ट्या तेवढ्या बंद करता यायच्या नाहीत.

हे रेकॉर्डिंग १९६५ चं. जॅकलीन वीस वर्षांची होती. समोर लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि कंडक्टर बार्बिरोली. १९१९ साली याच ऑर्केस्ट्रानं हा कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला तेव्हा एकोणीस वर्षांचे बार्बिरोली मागे चेलो घेऊन बसले होते. तो कार्यक्रम पार फसला होता, कारण त्याच कार्यक्रमातल्या दुसऱ्या कंडक्टरनं एल्गारच्या तालमीचा वेळ खाऊन टाकला. तो अपमान ज्यानं पाहिला, तोच माणूस सेहेचाळीस वर्षांनी छडी घेऊन उभा राहतो, या पोरीसाठी. बाबा हे दरवेळी सांगायचे आणि दरवेळी त्यांचा आवाज बदलायचा. पुढे अठ्ठाविसाव्या वर्षी तिला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं निदान झालं, वाजवणं संपलं. बेचाळिसाव्या वर्षी गेली.

कोणीतरी म्हणेलच, द्यू प्रे फार भावनेत वाहते. एल्गारनं स्वतः १९२८ मध्ये चेलोवर बिअट्रिस हॅरिसनला घेऊन केलेलं रेकॉर्डिंग बरंच संयत आहे. मान्य. तेही ऐका. पण पूर्ण ऐका.

बेथोव्हनच्या चौथ्या पियानो कॉन्चेर्टोचंही तेच. ऑर्केस्ट्राची वाट न पाहता पियानो एकटाच, अगदी हलक्या हातानं सुरू होतो. पंखाही नको तिथे. क्लारा हास्किलनं पियानोवर वाजवलेला मोझार्टचा डी मायनर कॉन्चेर्टो, १९६० च्या नोव्हेंबरचा, तर मी कोणाबरोबर ऐकतच नाही. पुढच्याच महिन्यात ती गेली.

आपल्याकडे मारवा रंगात आला असताना मधेच बटण दाबणाऱ्याला पुन्हा घरात घेतील का? मग इथे का चालतं? परदेशी आहे म्हणून?

हो, फोनवर आज सगळं मिळतं, आवाजही त्या कॅसेटपेक्षा स्वच्छ असतो. बाबांना एका कॅसेटसाठी मुंबई गाठावी लागली, मला अंगठा हलवावा लागतो. नाही म्हणत नाही मी. आणि त्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांना कदाचित तेवढ्या तुकड्यानंच बरं वाटलं असेल. तेही असू दे.

संध्याकाळी घरी आले, गाल सुजलेला, काही न बोलता फोनवर तेच रेकॉर्डिंग लावलं. सुरुवातीचे सूर झाले. आई आतल्या खोलीत पडली होती. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. ती उठली, भिंतीला धरत धरत आली, कूलरचं बटण बंद केलं आणि माझ्या बाजूला बसली. व्हायोला सुरू झाल्या.