आधी डेअरी हलवा, मग गाव

पावसाळा लागला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे मेसेज सुरू होतात. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. आम्हा कोल्हापूरकरांना हे आकडे पाढ्यासारखे पाठ. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा पाणी 50 फुटांच्या वर गेलं.

माझी आत्ती पंचगंगेच्या काठाला राहते. तिच्या माजघराच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, विळ्याच्या टोकानं कोरलेल्या. 1989 ची खाली, 2005 ची तिच्यावर, 2019 ची पार तुळईखाली. घराला रंग दिला तेव्हा खुणांवर ब्रश फिरवू दिला नाही तिनं.

दर पुरानंतर शहरात, नदीपासून लांब राजारामपुरीत बसून कुणीतरी विचारतंच, "सरकार जागा देतंय, तरी ही माणसं उठत का नाहीत?"

कोल्हापूरजवळच्या, नदीकाठच्या प्रयाग चिखलीचं बघा. 1989 च्या पुरानंतर गावकऱ्यांना उंचावर सोनतळीला प्लॉट दिले. काहींनी घरं बांधली, पण जुनं गाव काही मोकळं झालं नाही. 2019 ला चिखली-आंबेवाडीची माणसं बोटीतून काढावी लागली. कारण प्लॉट माणसाला मिळतो, म्हशीला नाही. ऊस नदीकाठच्या मळीत, वैरण तिथंच. एका प्लॉटवर तीन भावांचे संसार कसे मावणार? आणि गोठा?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ग्रँथम नावाचं छोटं गाव आहे. 10 जानेवारी 2011 ला अचानक पाणी आलं, 12 माणसं गेली. तिथल्या स्थानिक कौन्सिलनं गावाला लागूनच उंचावरची जमीन विकत घेतली आणि खालचा प्लॉट द्या, वरचा घ्या, असा सरळ व्यवहार ठेवला. सक्ती नव्हती. कुणाला कुठला प्लॉट, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिलं कुटुंब वर राहायला गेलं. महापौर होते स्टीव्ह जोन्स. आता तुम्ही म्हणाल, तिथं माणसं मूठभर, जमीन मुबलक. कबूल. आपली भावकीच तेवढी असते. पण त्यांनी लोकांच्या मनातली भीती जुनी व्हायच्या आत काम उरकलं, हे तर घेता येईल?

आपल्याकडचा पुढारी पुरात बोटीत दिसतो, गुडघाभर पाण्यात चादरी वाटतो. दसऱ्यापर्यंत विषय संपलेला. आणि खरं सांगू का, गाव हलवणं आमदाराच्या हातातलं कामच नाही. ते डेअरीच्या चेअरमनचं, सेवा सोसायटीच्या सेक्रेटरीचं, तालमीतल्या जाणत्या माणसाचं. त्यांनी आधी स्वतःचं बिऱ्हाड हलवावं. एका गावात (नाव नको) पहिला प्लॉट घेणाऱ्यानंच नव्या घरात भाडेकरू ठेवला आणि स्वतः जुन्या वाड्यात राहिला. मागचे कशाला जातील?

मला विचाराल तर गल्लीच्या गल्ली शेजार न मोडता एकत्र न्यावी. प्लॉटचा कागद बाईच्याही नावावर असावा. आणि घरांच्या आधी दूध संकलन, शाळा, गोठ्यांची जागा तिकडं उभी राहावी.

गेल्या महिन्यात आत्तीला म्हटलं, चल, वरच्या अंगाला जागा बघूया. ती धार काढत होती. चरवी बाजूला सारत म्हणाली, "येतो की रं. पर सकाळचं दूध घालायला परत हितंच यायचं, व्हय?"