मॉपचे १८० रुपये

काल आमच्या रोबोची परीक्षा झाली आणि आज सकाळी ग्रुपवर खर्चाचा हिशेब आला. त्यातली शेवटची ओळ वाचल्यापासून माझं डोकं फिरलंय. पण ती ओळ नंतर.

मी मराठी मेजर घेऊन बी. ए. करतोय. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या विषयाबाहेरचे ३ कोर्स करावेच लागतात, प्रत्येकी ३ क्रेडिटचे. मला पाककला हवी होती. फॉर्म भरायच्या दिवशी डिचोलीत वीज गेली. ती आली तोवर पाककला भरली होती, मशरूम लागवड भरली होती आणि उरलं होतं मोबाईल रोबोटिक्स, म्हणजे चालते-फिरते रोबो. आईने वाड्यावर सांगून टाकलं, पोरगा मोबाईल दुरुस्ती शिकतोय. चतुर्थीपर्यंत माझ्याकडे फुटक्या काचांचे तीन फोन जमले. त्यातला एक अजून कपाटात आहे. त्याचा मालक चौकशीला आला की मी मागच्या दाराने सटकतो.

आमचा चौघांचा गट. वेगवेगळ्या शाखांनी एकमेकांकडून शिकावं, असं पहिल्या तासाला सांगितलं होतं. कॉम्प्युटरवाल्याने प्रोग्राम लिहिला आणि लॅपटॉपला कुणाला हात लावू दिला नाही. प्राणिशास्त्रवालीने वायरी सोलल्या, सोल्डरिंग केलं, आणि ते सुरेख केलं, हे कबूल. कॉमर्सवाल्याने हिशेबाची वही धरली. मला म्हणाले, 'तू रिपोर्ट लिही, तुमचं लिहायचंच असतं ना?' तोही इंग्रजीत.

तरी मी एक गोष्ट मनापासून शिकलो. आमचा रोबो म्हणजे एक छोटी गाडी. तिला दोन पिवळ्या मोटरी आणि मागे ६५ मिलिमीटर व्यासाची दोन चाकं होती. चाकासोबत २० खाचांची एक चकती फिरते आणि सेन्सर त्या खाचा मोजतो. चाकाचा घेर साधारण २०.४ सेंटिमीटर, म्हणजे एका खाचेला जेमतेम एक सेंटिमीटर. ३ मीटर जायचं तर २९४ खाचा. गाडी बाहेर बघत नाही, फक्त मोजते. ह्याला ओडोमेट्री म्हणतात. हे मी घरी जेवताना समजावलं तर वडील म्हणाले, 'म्हणजे रिक्षाचं मीटर.' गोव्यात मीटरने चालणारी रिक्षा त्यांनी कुठे बघितली, देव जाणे.

खरं तर आमच्या वाड्यावरची पोरं दर दिवाळीला नरकासुर करतात. गाडीच्या वायपरची मोटर लावून त्याची मान फिरवतात, डोळे मिचकावतात, हात वरखाली करतात, सगळं रात्री जागून. दहावी नापास पोरं. त्यांना एक क्रेडिट कुणी दिलं नाही. वर पहाटे आपल्याच हातांनी सगळं जाळायचं. आम्हांला ३ क्रेडिट मिळणार होते आणि आमची गाडी मान सोडा, सरळही जात नव्हती.

तर काल. कॉरिडॉरमध्ये ३ मीटरवर पांढरी पट्टी चिकटवलेली. बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत, शेजारी चहा. गाडी निघाली, आणि नेमक्या त्याच वेळी साफसफाईच्या मावशी फिनेलचं पाणी आणि दोऱ्यांचा मॉप घेऊन वळणावरून आल्या. मावशी दोडामार्गच्या, रोज पहिल्या बसने येतात. गाडीला पुढे अल्ट्रासॉनिक सेन्सर होता. अडथळा दिसला की थांबायचं, इतकी अक्कल तिच्यात घातलेली. पण त्या सेन्सरला दिसत नाही, तो आवाज सोडतो आणि परत आलेला ऐकतो. भिंतीवरून आवाज परत येतो. ओल्या, लोंबत्या दोऱ्यांत तो जिरतो. गाडी बेधडक मॉपमध्ये घुसली, पुढचं छोटं चाक दोऱ्यांत अडकलं, आणि मागची दोन चाकं फिनेलवर जागच्या जागी गरगरत राहिली. २९४ मोजून झाले तशी ती थांबली, हिरवा दिवा लागला, बझर वाजला. पोचलो.

'ह्याका दिसणा नाय काय रे?' मावशी.

म्हटलं, 'दिसत नाही मावशी, ऐकू येतं.'

'आयकाक येता? मगे मी मघापासून बाजूक हो, बाजूक हो म्हणान बोंबालतंय, ता तेका आयकाक येवक नाय?'

'तो ४० किलोहर्ट्झचा आवाज ऐकतो. माणसाच्या कानाला तो कळत नाही. मांजराला कळतो.'

मावशींनी मॉप भिंतीला टेकवला. म्हणजे आता सवडीने बोलायचं होतं. 'मगे ह्यो मांजराक उपयोगी. माणसांच्या कॉलेजात कित्याक हाडलास?'

परीक्षकांनी चहा खाली ठेवला. ते हसू दाबत होते.

'आणि आता कितको चल्लो ह्यो?'

'३ मीटर.'

'खयचे तीन मीटर? हय तर आसा!'

'त्याला तसं वाटतंय. चाकं तेवढी फिरली ना.'

'वाटता?' मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मला तिन्ही फुटके फोन आठवले. 'मी पण हयच एका लादीर मॉप फिरयत रवतंय आणि सुपरवायझराक सांगतंय, तीनय माळे झाले म्हणान. देतलो माका पगार?'

परीक्षक मोठ्याने हसले आणि म्हणाले, 'ह्यांच्या प्रश्नाचं उत्तर कोण देणार?' कॉम्प्युटरवाल्याने लॅपटॉपमध्ये मान घातली. कॉमर्सवाला वही चाळू लागला. प्राणिशास्त्रवाली मॉपमधून चाक सोडवत होती. उरलो मी.

मी सांगितलं की २०१२ साली मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीच्या चाकांना मुद्दाम भोकं पाडलीत. त्यांच्या खुणा मातीत उमटतात, आणि त्या कॅमेऱ्याने बघून गाडीला समजतं की आपण खरंच पुढे गेलो की नुसती चाकं घसरली.

'म्हणजे ती मागे वळान बघता,' मावशी म्हणाल्या. 'मगे ह्याका मागे डोळे लावा. इतक्या साध्या.'

परीक्षकांनी ते लिहून घेतलं. माझं काही लिहून घेतल्याचं मला दिसलं नाही. २५ पैकी ११ मार्क, चौघांना सारखे. माझ्या रिपोर्टवर वेगळा शेरा, 'भाषा अलंकारिक आहे.' एका वाक्यात मी गाडीला श्रद्धाळू म्हटलं होतं, बस. तिचं वागणं बघितल्यावर दुसरा शब्द कोणता होता?

मॉपच्या दोऱ्या शेवटी कात्रीने कापाव्या लागल्या. मावशी म्हणाल्या, नवीन मॉप द्या, नाहीतर माझ्या पगारातून जातले. त्या कंत्राटावर आहेत, जातीलही. नवीन मॉप १८० रुपयांचा, म्हणजे चौघांत ४५. सकाळच्या हिशेबात मोटरी, बॅटऱ्या, वायरी, सगळं चौघांत वाटलेलं. शेवटची ओळ: 'मॉप, १८०.' पुढे फक्त माझं नाव, आणि कंसात, 'तोच मावशींशी बोलत होता.'