माझ्याकडे तर चालतंय!

घरी घडाघडा श्लोक म्हणणारं पोर पाहुण्यांसमोर मुकं होतं, तसलाच हा प्रकार. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधली स्टोअर्ड प्रोसिजर (आत साठवून ठेवलेली क्वेरी, म्हणजे माहिती मागणारी आज्ञा) मॅनेजमेंट स्टुडिओत, म्हणजे प्रोग्रामरच्या खिडकीत, चालवली की अर्ध्या सेकंदात उत्तर देते. तीच ॲप्लिकेशनमधून बोलावली की तीस सेकंदांनी टाइमआउट. हे तीस सेकंद सर्व्हरचे नव्हेत, ॲप्लिकेशन ज्यावर बनलंय त्या डॉट नेटच्या कमांड टाइमआउटचे, म्हणजे उत्तराची वाट बघायच्या मर्यादेचे. कुणी तरी ते तीनशे करतं, आणि मग ग्राहक पाच मिनिटं गोल फिरणारं चक्र बघत बसतो.

खरी मेख प्लॅनमध्ये, म्हणजे माहिती कुठून कशी शोधायची त्या आराखड्यात. प्रोसिजर पहिल्यांदा चालते तेव्हा आलेलं पॅरामीटर (इथे शाखेचं नाव) हुंगून सर्व्हर प्लॅन बनवतो आणि तोच पुढच्या सगळ्यांच्या गळ्यात मारतो. समजा, सकाळी पहिली हाक सावंतवाडी शाखेची, तिची बिलं चाळीस. सर्व्हर म्हणतो, इंडेक्समध्ये (पुस्तकामागच्या सूचीसारख्या यादीत) शोधू आणि बाकीचे कॉलम चाळीस वेळा मूळ टेबलात जाऊन आणू. झकास! मग पुणे शाखा येते, वीस लाख बिलं घेऊन. प्लॅन तोच, खेपा वीस लाख. लग्नाच्या जेवणावळीची साखर शेजारून वाटी-वाटीने आणायची!

मग माझ्याकडे का चालतं? स्टुडिओत ॲरिथअबॉर्ट नावाचं सेटिंग (गणितात चूक झाली तर क्वेरी थांबवायची का) ऑन असतं, डॉट नेटकडून ऑफ. सेटिंग वेगळं म्हणून प्लॅनही वेगळा. म्हणजे मी खोटं बोलत नसतो, फक्त भलत्याच प्लॅनची साक्ष देत असतो. स्टुडिओत आधी 'सेट ॲरिथअबॉर्ट ऑफ' करावं, बाकी सेटिंगं जुळत असली की दुखणं आपल्याकडेही उठतं. प्रोसिजरच्या आतला मजकूर उचलून, पॅरामीटरच्या जागी वर डिक्लेअरने लोकल व्हेरिएबल लावून तपासणाऱ्यांना तर मी लांबूनच नमस्कार करतो. लोकल व्हेरिएबलची किंमत प्लॅन बनवणाऱ्या ऑप्टिमायझरला दिसत नाही, तो सरासरीवर अंदाज बांधतो. तपासलं कुणाला, आजारी कोण!

(जाता जाता: पॅरामीटरचा प्रकार नुसता 'एनव्हारचार' (मजकूर) लिहिला, लांबी विसरली, तर लांबी एक धरली जाते. 'पुणे' पाठवलं की आत 'प' पोचतो. एरर नाही, ओळीही नाहीत. पुणेकरांना हे सांगू नये.)

उपाय आहेत. त्या क्वेरीच्या शेवटी 'ऑप्शन रीकंपाइल' लावलं की दर वेळी ताजा प्लॅन. दिवसातून दहादा निघणाऱ्या रिपोर्टला हे छान, सेकंदाला शंभरदा चालणाऱ्या क्वेरीला लावलं तर सीपीयूचा घाम निघतो. 'ऑप्टिमाइझ फॉर अननोन' सरासरीचा प्लॅन देतं, म्हणजे पाहुण्यांसाठी कमी तिखट आणि घरच्यांसाठी अळणी. २०२२ च्या आवृत्तीत सर्व्हर एका क्वेरीचे दोन-तीन प्लॅन सांभाळू शकतो, पण कम्पॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेसने कुठल्या आवृत्तीसारखं वागायचं ते सेटिंग) १६० हवी. ती वाढवायची परवानगी मागून बघा!

तोवर ऑफिसात एकच रामबाण चालतो: सर्व्हर रीस्टार्ट. प्लॅन साठवलेली कॅश रिकामी होते, नशिबाने पहिली हाक पुण्याची येते आणि सर्व्हर अख्खं टेबल सरळ वाचून काढायचा प्लॅन धरतो. सावंतवाडीला दोन सेकंद जास्त लागतात, पण तिथून फोन येत नाही. रीस्टार्ट करणाऱ्याला चहा मिळतो. पुढच्या रीस्टार्टला सावंतवाडीवाला लवकर उठेपर्यंत.