सुरमईच्या पलीकडेही बघा की!

दादरच्या मालवणी खानावळींवरचा लेख आवडला, पण सगळं कौतुक सुरमई थाळीचं आणि बांगड्याला एक ओळही नाही? अहो, तिरफळ (कोकणातलं मसाल्याचं फळ) घातलेलं बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, मागवून बघा एकदा. तिरफळं नुसती ठेचून टाकलेली असतात. चुकून एखादं दाताखाली आलं की जीभ क्षणभर बधिर! म्हणून ती ताटाच्या कडेला काढून ठेवायची. रस्सा भाताला, वडे मटणासोबत. माझ्या आजीला याउलट केलेलं खपत नसे.

सोलकढीचं मात्र अवघड झालंय. मागच्या महिन्यात एका ठिकाणी (नाव नको) नुसता गुलाबी रंग, आमसुलाचा पत्ता नाही. विचारलं तर म्हणाला, "साहेब, सगळे अशीच पितात."

आणि एक राहिलं. गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या भागात, खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. महिन्याच्या बोलीवर कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका होत्या त्या. त्यांनाच एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. हे लेखात यायला हवं होतं.

जाणार असाल तर एकच्या आत जा. नंतर बांगडा संपतो, आणि मागे उभा असलेला माणूस तुमचे घास मोजत राहतो.