पिसं जाळू नका हो!

आज सकाळी ओढ्याकाठी पुन्हा कुणीतरी कोंबड्यांच्या पिसांच्या गोण्या पेटवल्या. खिडक्या लावल्या तरी जळक्या केसांचा वास घरात. वॉर्ड ऑफिसात तक्रार करायला गेले तर उत्तर काय, "मॅडम, पिसांचं दुसरं करणार तरी काय?"

डोकंच फिरलं. दुसरं काय करायचं ते १९९० पासून छापून आलंय! अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत जेसन शिह आणि सहकाऱ्यांनी कोंबड्यांची घाण कुजवणाऱ्या टाकीतून पिसं खाणारा जीवाणू वेगळा काढला, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस. पिसं पचवणारं त्याचं एन्झाइम (पाचक रसायन) म्हणजे केराटिनेज.

एमएस्सीला असताना मी हे डोळ्यांनी पाहिलंय. चिकन सेंटरमागची चिमूटभर माती, क्षारांचं पाणी आणि खाऊ म्हणून फक्त एक पांढरं पीस. आधी कडेचे तंतू सुटले, पाणी गढूळ पिवळसर झालं. मग फ्लास्क हलवला की दांड्याचेच तुकडे पडायला लागले. पिसात जवळजवळ ९० टक्के केराटिन, म्हणजे प्रथिनच, पण गंधकाच्या बंधांनी असं घट्ट विणलेलं की आपल्या पोटातलं प्रथिनं पचवणारं पेप्सिनही तिथे हात टेकतं. आणि मातीतला जीव ते पचवून टाकतो! जाळताना नाकात जातं ते हेच गंधक.

त्या फ्लास्कमधल्या पिवळ्या पाण्यात अमिनो आम्लं होती, म्हणजे प्रथिनाचे सुटे घटक. पशुखाद्य होतं, शेताला नत्र होतं. जास्त दाबाच्या वाफेवर पिसं शिजवूनही खाद्य करतात, पण त्यात इंधन जातं आणि काही अमिनो आम्लं मार खातात. चामड्याचंही तेच, केसही केराटिनचेच. टॅनरीत, म्हणजे चामडं कमावण्याच्या कारखान्यात, केस काढायला चुना आणि सोडियम सल्फाइड वापरतात, ते पाणी कुठे जातं ते कानपूरच्या गंगेला विचारा. त्या कामालाही केराटिनेज चालतं.

हो, मान्य, फ्लास्कमध्ये जमलं म्हणून कारखान्यात परवडतंच असं नाही. पिसं गोळा करून, ती सडायच्या आत पोचवायचा खर्चही आहे. पण म्हणून पेटवायचं?

चिकनच्या दुकानदारावर माझा राग नाही. दिवसभर उभं राहून रात्री त्याने गोणी न्यायची कुठे, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. मंगळवारी मी वॉर्डात पुन्हा जाणार आहे, पिसांसाठी वेगळी गाडी मागायला. कुणी सोबत येणार असेल तर कमेंटमध्ये सांगा.